खाल्लेलं अंगी लागतं, ते नेमकं कुठे?

(मंडळाच्या मासिक बैठकीत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीचा फोन आला तेव्हा अट एकच होती : "वीस-पंचवीस मिनिटं काहीही बोल, फक्त सॉफ्टवेअरवर नको." मी ताबडतोब हो म्हटलं. आठवड्याचे पाच दिवस क्लायंटसमोर मी त्याच विषयावर बोलत असतो, शनिवारी तरी सुटका हवी! तेव्हा शिक्षणाने कंप्युटर इंजिनियर असूनही आज मी जीवशास्त्रावर बोलणार आहे. समोर तीन-चार डॉक्टर मंडळी बसलेली दिसताहेत. त्यांना नम्र विनंती, की माझा कान धरायचा असेल तर चहाच्या वेळी धरावा.

विषयाचं नाव जरा जड आहे : पृष्ठफळ आणि घनफळ यांचं गुणोत्तर. घाबरू नका. दिवाळी तोंडावर आली आहे, म्हणून आपण सोप्या प्रश्नापासून सुरुवात करू. चकलीला काटे का असतात?

शोभेसाठी, असं कुणीतरी म्हणालं. शोभा आहेच. पण समजा, एका चकलीच्या भाजणीचा नुसता गोळा करून तळणीत सोडला, तर काय होईल? बाहेरून करपेल आणि आतून कच्चा राहील. तीच भाजणी सोऱ्यात घालून, चांदणीच्या ताटलीतून पाडली, की तिची एक लांब, बारीक, काटेरी दोरी होते. पीठ तेवढंच. पण तेलाला भेटणारी जागा कितीतरी वाढली, आणि आतला प्रत्येक कण तेलाच्या जवळ आला. म्हणून ती आतपर्यंत खुसखुशीत होते. जागा जास्त आणि अंतर कमी, या दोन गोष्टी लक्षात ठेवा. माझं आजचं सगळं भाषण एवढंच आहे. पुढची वीस मिनिटं नुसता पाल्हाळ!

आता थोडं गणित, बच्चेकंपनीसाठी. गुळाचा एक चौकोनी खडा घ्या, प्रत्येक बाजू १ सेंटीमीटर. त्याला सहा बाजू, म्हणजे पृष्ठफळ ६ चौरस सेंटीमीटर. घनफळ १ घन सेंटीमीटर. गुणोत्तर ६. आता बाजू दुप्पट करा, २ सेंटीमीटर. पृष्ठफळ झालं २४, घनफळ ८. गुणोत्तर ३. बाजू १० सेंटीमीटर केली, तर पृष्ठफळ ६०० आणि घनफळ तब्बल १०००. गुणोत्तर उरलं ०.६. म्हणजे खडा दहापट मोठा केला, तर आतला गूळ हजारपट झाला, पण बाहेरची जागा फक्त शंभरपट. पोट वाढत गेलं, पण कातडी त्या मानाने वाढली नाही. (इथे माझ्याकडे बघून हसू नये.) म्हणूनच गुळाची ढेप पाण्यात टाकली तर तासन्‌तास तशीच बसून राहते, आणि किसलेला गूळ बघता बघता विरघळतो.

हे मोठेपणाचं गणित गॅलिलिओने १६३८ साली आपल्या पुस्तकात मांडलं होतं. त्याला प्रश्न पडला होता हाडांचा : प्राणी मोठा होत गेला तर त्याची हाडं त्याचं वजन पेलतील का? पुढे १९२६ साली जे. बी. एस. हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या योग्य आकारावर एक सुंदर निबंध लिहिला. मोठ्या प्राण्यांच्या शरीरातली बरीचशी गुंतागुंत ही पृष्ठभाग वाढवण्याच्या खटपटीतून आलेली आहे, असा त्यातला एक मुद्दा. हे हॉल्डेनसाहेब १९५७ साली इंग्लंड सोडून भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. आपण सगळे ज्या दिशेने आलो, त्याच्या बरोबर उलट दिशेने गेलेला माणूस!

आता गुळाच्या खड्याच्या जागी एक जिवंत पेशी ठेवा. पेशीला खायला लागतं, प्राणवायू लागतो, कचरा बाहेर टाकावा लागतो. हे सगळं होतं तिच्या बाहेरच्या पातळ पडद्यातून, पेशीपटलातून. पण भूक किती, हे ठरतं आतल्या ऐवजावरून. म्हणजे मागणी घनफळाची आणि पुरवठा पृष्ठफळाचा. पेशी मोठी होत गेली, की मागणी पुरवठ्याला मागे टाकते. ऑफिसात माणसं हजारपट घेतली आणि दारं फक्त शंभरपट वाढवली, तर सकाळी नऊ वाजता काय होईल, याची कल्पना करा.

दुसरी अडचण अंतराची. दारातून आत आलेला प्राणवायूचा कण पुढे जातो तो गर्दीत धक्के खात, दिशाहीन. शाळेत याला 'विसरण' म्हणायचे. यातली गंमत अशी, की अंतर दहापट झालं तर वेळ दहापट नाही, शंभरपट लागतो. पाण्यातून प्राणवायूला १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, ओलांडायला सेकंदाचा अगदी छोटा अंश पुरतो. एक मिलिमीटरला साधारण चार मिनिटं. एक सेंटीमीटरला सुमारे सात तास. आणि एक मीटरला? आठ वर्षं! ग्रीन कार्डाची रांगसुद्धा याच्यापुढे... नाही, ते उदाहरण नको, इथे बरेच जण दुखावतील.

म्हणून आपल्या बहुतेक पेशी १० ते ३० मायक्रॉनच्या आसपास राहतात. हत्तीच्या पेशी उंदराच्या पेशींपेक्षा फारशा मोठ्या नसतात. हत्तीकडे त्या फक्त अनेक पटींनी जास्त असतात. आमच्या धंद्यात याला 'स्केल आउट' म्हणतात. एकच सर्व्हर अवाढव्य करत बसण्यापेक्षा छोटे सर्व्हर भरपूर लावा. निसर्गाला हे आमच्या फार आधी कळलं होतं, आणि त्याने त्याचं बिलही लावलं नाही.

"पण अंडं तर एवढं मोठं असतं," असं मागून कुणीतरी म्हणतंय. बरोबर. पण अंड्यातला पिवळा बलक ही बव्हंशी साठवण आहे, शिदोरी. जिवंत कामकाज त्याच्या पृष्ठभागावरच्या एका छोट्याशा ठिपक्यात चालतं. २०२२ साली कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादेलूप बेटावरच्या एका जिवाणूचं वर्णन प्रसिद्ध झालं. हा जिवाणू सेंटीमीटरभर लांब, नुसत्या डोळ्यांना दिसणारा. त्याने नियम मोडला का? नाही. तो धाग्यासारखा बारीक आहे, आणि त्याच्या आत बरीचशी पोकळी आहे. खरा जिवंत मालमसाला कडेच्या पातळ थरात. आपल्या पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे मज्जातंतूही मीटरभर लांब असतात, पण रुंदी अगदी नगण्य. शेवटी तेच : लांब व्हा, पण जाड होऊ नका.

आणि लाल रक्तपेशी? तिचं रूप आठवा, मधोमध दोन्ही बाजूंनी दाबलेल्या चकतीसारखं. तेवढ्याच घनफळाचा गोल केला, तर त्याचं पृष्ठफळ सुमारे ९७ चौरस मायक्रॉन भरेल. आपल्या रक्तपेशीचं असतं १४०च्या आसपास. नुसत्या दाबण्याने चाळीसेक टक्के जागा वाढली! आपण मेदूवड्याला भोक पाडतो, तेही अशाच हिशोबाने.

आता पेशीकडून पूर्ण शरीराकडे येऊ. आपली बाहेरची कातडी पसरली, तर ती भरेल पावणेदोन-दोन चौरस मीटर. एवढ्या जागेतून सत्तर किलोच्या देहाला श्वास आणि अन्न पुरवणं केवळ अशक्य. मग शरीराने काय केलं? पृष्ठभाग घडी घालून आत ठेवला. फुप्फुसात कोट्यवधी वायुकोश, आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग सुमारे ७० चौरस मीटर. बॅडमिंटनच्या कोर्टापेक्षा थोडासाच कमी, आणि तो आपण छातीत घेऊन फिरतो.

लहान आतड्याची गोष्ट तर आणखी मजेदार. लहान आतडं टेनिस कोर्टाएवढं असतं, असं आपण सगळ्यांनी शाळेत वाचलं आहे. २०१४ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी ही मोजणी नव्याने केली. पचनमार्गाचा आतला एकूण पृष्ठभाग भरला सुमारे ३२ चौरस मीटर. म्हणजे टेनिसचं कोर्ट नव्हे, तर अर्धं बॅडमिंटनचं कोर्टही नाही. पण म्हणून कौतुक कमी होत नाही. जिवंत माणसात लहान आतडं साधारण ३ मीटर लांब आणि अडीच सेंटीमीटर रुंद. ती जर नुसती गुळगुळीत नळी असती, तर तिचं पृष्ठफळ पाव चौरस मीटरसुद्धा भरलं नसतं. पूर्ण उघडलेल्या वर्तमानपत्रापेक्षाही कमी!

पाव चौरस मीटरचे तीस चौरस मीटर होतात तीन टप्प्यांत. आधी आतड्याच्या अस्तराला चुण्या पडतात, निऱ्यांसारख्या. त्या चुण्यांवर मखमलीसारखे बारीक अंकुर उभे असतात, अर्ध्या ते एक मिलिमीटर उंचीचे. डॉक्टर त्यांना 'व्हिलाय' म्हणतात. आणि त्या अंकुरांवरच्या प्रत्येक पेशीच्या माथ्यावर आणखी हजारो सूक्ष्म केस असतात. अंकुर आणि केस मिळून पृष्ठभाग ६० ते १२० पट वाढवतात. हे म्हणजे चकलीच्या प्रत्येक काट्यावर पुन्हा काटे. शिवाय प्रत्येक अंकुराच्या पोटात रक्ताच्या बारीक नळ्या असतात, त्यामुळे घेतलेला घास लगेच पुढे रवाना होतो. जागा जास्त, अंतर कमी.

हे गुणोत्तर दुधारी आहे, हेही सांगायला हवं. तान्ह्या बाळाची कातडी त्याच्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसाच्या जवळजवळ अडीचपट असते. म्हणजे ते झपाट्याने थंड होतं आणि झपाट्याने तापतं. आपल्या आज्या बाळाला कुंची का घालायच्या, त्याचं उत्तर यात आहे. आणि उन्हातल्या बंद गाडीत मुलाला "दोनच मिनिटं" का ठेवायचं नाही, त्याचंही. शोषणाचंही तसंच. बाळाच्या अंगाला जे चोळाल, ते वजनाच्या मानाने जास्त आत जातं. भारतातून येताना आपण सगळे कापराच्या वड्या आणतो. सर्दी झाली की खोबरेल तेलात कापूर घालून छातीला चोळायची पद्धत घरोघरी आहे. पण कापूर लहान मुलांच्या शरीरात गेला तर आकडी येऊ शकते. पोटात तर अगदी थोडासुद्धा धोक्याचा. तेव्हा कापूर देवघरात, आणि तिथेही मुलांचा हात पोचणार नाही असा.

आता मंडळी, मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या भाषेत एक फार छान शब्दप्रयोग आहे, 'अंगी लागणं'. "खातो खूप, पण अंगी लागत नाही." खाणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं, हे आपल्या पूर्वजांनी ओळखलं होतं. तोंडात गेलेलं अन्न, पोटात गेलेलं अन्न, अजून तसं शरीराच्या बाहेरच असतं. एका लांब नळीत. ते आपलं होतं फक्त त्या अंकुरांच्या पृष्ठभागावर. मग ते अंकुरच झडले तर?

आमचा मुलगा चार वर्षांचा असताना त्याचं वजन वर्षभर एकाच आकड्यावर थांबलं होतं. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्यांसारखे. दिवसभर किरकिर. तो जेवत होता. पोळी-भाजी, वरण-भात, दूध, शिरा, सगळं. फोनवरून सल्ले यायचे. तूप वाढवा. दृष्ट काढा. आणि एक वाक्य वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा यायचं : "आई नोकरी करते ना, लक्ष देऊन भरवायला वेळ होत नसेल." माझी बायको हे ऐकून घ्यायची. तिच्याजवळ एक वही होती. त्यात तो रोज काय आणि किती खातो, ते चमच्यांच्या हिशोबाने लिहिलेलं होतं.

डॉक्टरांनी रक्ताची एक तपासणी केली, आणि नंतर दुर्बिणीतून आतड्याच्या अस्तराचा तुकडा काढून पाहिला. त्यांनी आम्हाला दोन चित्रं दाखवली. एका चित्रात निरोगी आतडं, बोटांसारखे उभे अंकुर. दुसरं आमच्या मुलाचं. सपाट. गवत कापून काढल्यासारखं. बायको बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे तो जेवत होता." डॉक्टर म्हणाले, "जेवत होता. आतड्याला घेता येत नव्हतं."

या आजाराचं नाव सीलिॲक. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे, ज्यांच्या जनुकांत तशी ठेवण असते अशा काही लोकांची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर उलटते. अंकुर झडतात, पृष्ठभाग कित्येक पटींनी कमी होतो. ही साधी ॲलर्जी नव्हे. जगात शंभरात सुमारे एकाला हा आजार असतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना त्याचा पत्ता नसतो. भारतात गहू जास्त खाणाऱ्या उत्तरेत तो अधिक आढळतो, दक्षिणेत खूपच कमी.

याचा शोध कसा लागला, ते ऐकण्यासारखं आहे. १९२४ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांवर ठेवलं आणि मुलं सुधारली. श्रेय गेलं केळ्यांना! खरं काम केलं होतं बंद झालेल्या पावाने. हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिक यांना गव्हाचा संशय तिसच्या दशकापासूनच होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात युद्धामुळे हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. सगळा देश अन्नासाठी तडफडत असताना ही आजारी मुलं मात्र बरी राहिली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिक यांनी हे प्रबंधात मांडलं. १९५४ साली इंग्लंडमध्ये डॉक्टर जॉन पॉली यांनी शस्त्रक्रियेत मिळालेल्या आतड्याच्या तुकड्यांवर झडलेले अंकुर दाखवले. पाव ते पृष्ठभाग, अशी साखळी पूर्ण झाली.

उपचाराला औषध नाही; ग्लुटेन आयुष्यभर, पूर्णपणे बंद करणं हाच उपचार. पण आतड्याचं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होत असतं, त्यामुळे गहू थांबवला की अंकुर पुन्हा उगवू लागतात. मुलांत लवकर, मोठ्यांत कधी कधी काही वर्षं लागतात. आमचा मुलगा आता सहा वर्षांचा आहे. मघाशी स्टेजमागे पडदा ओढून पळाला, तो तोच.

तर व्यवहाराच्या चार गोष्टी. एक : मुलाची वाढ खुंटली असेल, पोट सतत फुगत असेल, जुलाब थांबत नसतील, किंवा मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्या घेऊनही वाढत नसेल, तर डॉक्टरांना सीलिॲकबद्दल जरूर विचारा. लोह आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि हा आजार नेमका तिथेच जास्त असतो. दोन : तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका. आधीच बंद केला तर रक्ताचा अहवाल चांगला येतो आणि आजार लपून राहतो. तीन : ज्याला हा आजार नाही, त्याने केवळ फॅशन म्हणून पोळी सोडायची गरज नाही. चार : निदान झालं तर घाबरू नका, आपण मराठी आहोत! ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, साबुदाणा यांत मुळातच ग्लुटेन नाही. फक्त पिठात गव्हाची भेसळ नको, आणि गिरणी किंवा मिक्सर गव्हासाठी वापरलेला नको. हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं मात्र जरूर वाचा. बहुतेक हिंगपुडीत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. फोडणीतून शिरणारा हा शत्रू आमच्याही लक्षात कुणी सांगितल्यावरच आला.

या दिवाळीत फराळाचं ताट दुसऱ्याच्या घरी पाठवताना एवढं एक करा. बेसनाचे लाडू, अनारसे आणि तांदूळ-डाळींच्या भाजणीच्या चकल्या एका डब्यात. शंकरपाळे, रव्याचे लाडू आणि करंज्या दुसऱ्या डब्यात. आणि भाजणीत गहू घातला असेल, तर तसं चिठ्ठीवर लिहा. ज्या घरात असं मूल आहे, त्या घराला ती चिठ्ठी फराळापेक्षा गोड लागेल.

आणि पुढच्या वेळी कुणाचं पोर वाळलेलं दिसलं, तर त्याच्या आईला काही विचारण्याआधी त्याच्या आतड्याला विचारा.